नाणी तोलणारा गणिती

संख्याशास्त्राच्या बाबतीत आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचे एक बरे असते. सूत्र पाठ असले, कोष्टक नीट आखता आले आणि कॅल्क्युलेटरची बटणे दाबताना चूक झाली नाही, की गुण मिळतात. सरासरी काढावी, प्रमाण विचलन काढावे, सहसंबंध गुणक काढावा, उत्तराखाली दोन रेघा ओढाव्यात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. आकडे कोणी जमवले, कशासाठी जमवले, ते खरे मानावेत की नाही, अशी चौकशी करण्याचा प्रसंगच येत नाही. सरासरी हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे. माझ्या बाकावर बसणारा कन्नड विभागातला मित्र आणि मी, दोघेही तो लहानपणापासून वापरत आलो, आणि दोघांनीही त्याचा अर्थ कधी कोणाला विचारला नाही.

तो विचारण्याची वेळ आली ती वर्गात नव्हे, ग्वाल्हेरला. माझे आजोळ तिथे लष्कर भागातल्या खासगी बाजारात आहे. (खासगी हा शब्दही कन्नडात जसाच्या तसा आहे, त्यामुळे त्या मित्राला पत्ता सांगताना वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.) मे महिन्याच्या सुटीत मी बेळगावहून गोवा एक्सप्रेसने तिकडे गेलो असता मामांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात ग्वाल्हेर संस्थानच्या वेळची तांब्याची नाणी होती, बहुतेक माधवराव शिंद्यांच्या छापाचे पाव आणे. मी संख्याशास्त्र शिकतो हे कळल्यावर मामा म्हणाले, की मग यांचे काही तरी काढून दाखव. मी मोठ्या उत्साहाने सराफ्यातल्या त्यांच्या ओळखीच्या दुकानात गेलो, एकेक नाणे तोलून घेतले, वहीत आकडे मांडले, सरासरी आणि प्रमाण विचलन दोन दशांश स्थळांपर्यंत काढले आणि वही मामांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली आणि एवढेच विचारले, की यातून कळले काय? मला काहीही सांगता आले नाही. बेरीज, भागाकार, वर्गमूळ, सगळे बरोबर होते. फक्त त्यात अर्थ नव्हता.

परत आल्यावर ही फजिती मी आमच्या एका प्राध्यापकांना सांगितली. ते हसले नाहीत. नाणी तोलून त्यांतून इतिहास काढणारा एक माणूस होऊन गेला आणि तो आपल्या शेजारच्या गोव्याचाच, असे सांगून त्यांनी मला ग्रंथालयात पाठवले. तो माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. नाव मी ऐकले होते, पण इतिहासकार म्हणून. ते पेशाने गणिताचे प्राध्यापक होते आणि संख्याशास्त्र त्यांनी स्वतःच्या धडपडीने आत्मसात केले, हे मला ठाऊक नव्हते. माझ्यासारख्याच इतरांना ते ठाऊक नसेल असे समजून हा लेख लिहीत आहे.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे विलक्षण गृहस्थ. बौद्ध धर्माचे ज्ञान मिळवायचे या एकाच ध्यासाने ते १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, पुढे उत्तर हिंदुस्थान, वाटेत ग्वाल्हेर, मग काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, असा त्यांचा प्रवास झाला. खिशात पैसे नव्हते आणि ओळखी तर नव्हत्याच. अशा माणसाच्या पोटी जन्मलेल्या मुलाला ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणे जड गेले असेल तर नवल नाही. पुढे धर्मानंद पाली भाषेचे मोठे पंडित झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि विशुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. १९१८ साली ते पुन्हा तिकडे निघाले तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले.

दामोदरांचे शालेय शिक्षण केंब्रिज या हार्वर्डच्याच गावात झाले, पुढे हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी गणिताबरोबर भाषाही अशा काही आत्मसात केल्या, की शिक्षकांना ते नेमके कशाचे विद्यार्थी हे ठरवणे कठीण जावे. जॉर्ज बर्कहॉफ या नामवंत गणितज्ञांनी त्यांना गणितावरच लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला, पण तो मानण्यासारखा स्वभाव नव्हता. १९२९ साली ते सर्वोच्च सन्मानासह पदवीधर झाले. मात्र पुढील अभ्यासासाठी शिष्यवृत्ती न मिळाल्याने डॉक्टरेट न करताच त्यांना मायदेशी परतावे लागले. आयुष्यभर त्यांच्या नावामागे ती पदवी लागली नाही.

प्रथम बनारस हिंदू विश्वविद्यालय, नंतर अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावून घेणारे आंद्रे वेय हे तरुण फ्रेंच गणितज्ञ पुढे जगप्रसिद्ध झाले. वेय यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ च्या सुमारास एक लेख लिहिला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याची थोडी थट्टा करावी, एवढाच हेतू. पुढे याच नावाने फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने डझनावारी ग्रंथ लिहिले. गणिताच्या इतिहासातील या गाजलेल्या टोपणनावाचा पहिला छापील उल्लेख असा आपल्या देशातल्या एका नियतकालिकात झाला.

१९३३ पासून बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. त्यांचे शिकवणे सामान्य विद्यार्थ्याला झेपत नसे, असे सांगतात. ते खरेही असावे. आपल्याला जे सहज दिसते ते समोरच्याला का दिसत नाही, हे फार बुद्धिमान माणसाला कळत नाही. पण याच बारा वर्षांत त्यांनी जे केले ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. त्यांचा मूळ विषय भूमिती. १९३४ मध्ये त्यांना पहिले रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले ते त्याच क्षेत्रातील कामाबद्दल. तिशीच्या आसपास त्यांनी संख्याशास्त्राकडे मोर्चा वळवला. त्या काळी कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिसांची भारतीय संख्याशास्त्र संस्था १९३१ पासून काम करीत होती, पण पुण्यात शिकवणारे कोणी नव्हते. मग शिकायचे कसे? कोसंबींनी ठरवले, की संख्याशास्त्र वापरूनच संख्याशास्त्र शिकायचे. ज्याचे उत्तर आधी ठाऊक नाही असा खरा प्रश्न घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत सोडायचा नाही.

पहिला प्रश्न त्यांना महाविद्यालयातच सापडला. तो म्हणजे परीक्षेचे गुण.

इथे प्राध्यापकवर्गाची क्षमा मागून पुढे लिहितो. विद्यार्थ्यांनी वर्षभर केलेले काम एका बाजूला आणि परीक्षकांनी दिलेले गुण दुसऱ्या बाजूला असे ठेवून त्यांनी दोहोंचा मेळ घातला. निघालेला निष्कर्ष असा, की पुष्कळ मुलांना नापास करणाऱ्या, अतिशय कठीण म्हणून गाजलेल्या परीक्षेतही लागणारा निकाल आणि नाणे उडवून लावलेला निकाल यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यांनी सुधारणाही सुचवल्या, त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. गुणपत्रिका हातात पडली की आपण सगळे काय पाहतो? टक्के किती, क्रमांक कितवा, पाच गुणांनी वर्ग कसा हुकला. कोसंबींनी त्याच कागदाकडे पाहून विचारले, की पाच गुणांचा हा फरक खरोखर दोन मुलांमधला आहे, की तोच पेपर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या परीक्षकाने तपासला असता तरी एवढा फरक पडला असता? आम्ही प्रमाण विचलनावर दहा गुणांचे उदाहरण सोडवतो. ते उदाहरण आमच्याच गुणांना लावून पाहावे, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरा प्रश्न नाण्यांचा. रावळपिंडीजवळ तक्षशिलेच्या उत्खननात भीर टेकाडावर १९२४ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला होता. हजाराहून अधिक नाणी. ती आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर एकेक ठसा हातोडीने मारून केलेली. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. आहेत ती फक्त चिन्हे, सूर्य, टेकडी, हत्ती अशी. साठ्यात अलेक्झांडरची दोन आणि फिलिप आरिडिअसचे एक अशी जवळजवळ कोरी ग्रीक नाणी मिळाली, त्यावरून साठा साधारण इसवी सनपूर्व ३१७ च्या सुमारास पुरला गेला एवढे कळत होते. वॉल्श नावाच्या इंग्रज अभ्यासकाने प्रत्येक नाण्याचे वजन आणि चिन्हे यांची यादी १९३९ साली प्रसिद्ध केली. विद्वानांचा वाद चालू होता तो चिन्हांच्या अर्थावर. वजनांचा रकाना सर्वांपुढे होता, पण त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

कोसंबींनी तो रकाना घेतला. पण लगेच सरासरी काढायला बसले नाहीत. आधी स्वतःला विचारले, की नाण्याचे वजन घटते कशाने? टांकसाळीतून निघताना नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात. कार्षापण ३२ गुंजांचा असे ठरलेले असते. मग ते नाणे या हातातून त्या हातात जाते, थैलीत घासते, मोजताना घासते आणि दर वेळी चांदीचा एक कण गमावते. जितका काळ चलनात, तितके वजन कमी. शिवाय सगळी नाणी सारखी फिरत नाहीत. एखादे रोज बाजारात जाते, एखादे गाडग्यात पडून राहते. म्हणून काळ लोटतो तशी सरासरी खाली येते, आणि वजनांचा विखुरलेपणा मात्र वाढतो. पुरल्यावर घासणे थांबते. असे असेल तर साठ्यातील नाण्यांचे गट पाडून, कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा, हे तराजूने सांगता येईल.

हे झाले अनुमान. ते खरे कशावरून? इथेच कोसंबी आणि मी यांच्यातला फरक कळतो. मी असतो तर अनुमान सुचल्याच्या आनंदात लेख पाठवून दिला असता. त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी मिळवली. त्यांवर साल छापलेले असते, त्यामुळे त्यांचे वय आधीच ठाऊक असते. सूक्ष्म तराजू घेऊन त्यांनी हजारो नाणी एकेक करून तोलली. जुन्या सालाच्या नाण्यांची सरासरी कमी आणि विखुरलेपणा जास्त, हे प्रत्यक्षात तसेच निघाले. तेव्हा कुठे ते तक्षशिलेकडे वळले. त्या नाण्यांच्या पाठीमागे बारीक बारीक ठसे असतात. कुठे एक, कुठे चार, कुठे याहून जास्त. पाठीवरच्या ठशांच्या संख्येप्रमाणे गट पाडले, तेव्हा ठसे वाढत गेले तसे सरासरी वजन उतरत गेलेले दिसले. म्हणजे हे ठसे राजाचे नव्हते. वेळोवेळी नाणे पारखून पाहणाऱ्या व्यापाऱ्यांचे, सराफांचे होते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. एका मुक्या वजनाच्या रकान्यातून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेतली शिस्त बोलू लागली. १९४० पासून हे लेख प्रसिद्ध होऊ लागले.

हे वाचल्यावर मी पुन्हा माझी वही उघडली. खासगी बाजारातल्या डब्यात काही नाणी जाड होती, काही पातळ, आणि मी ती सरसकट एका रकान्यात कोंबली होती. दोन निरनिराळ्या वजनांची नाणी मिसळून काढलेली सरासरी दोहोंपैकी कोणाचीच नसते. मग हुरूप येऊन आमच्या काकांच्या दुकानातल्या गल्ल्यातून एक रुपयाची नाणी घेतली. तिथेही तोच सापळा. १९९२ पासूनचे पोलादी रुपयाचे नाणे ४.८५ ग्रॅमचे, २०११ च्या मालिकेतले ३.७९ ग्रॅमचे, २०१९ च्या मालिकेतले तर ३.०९ ग्रॅमचे. हे ठाऊक नसलेल्याने नुसती वजने आणि साले यांचा सहसंबंध काढला, तर जुने नाणे जड आणि नवे हलके असे निघून, नाणी वापरल्याने वजनदार होतात असा शोध लागेल! मालिका वेगळ्या करून पाहिले तेव्हा झीज अशी काही हाती लागली नाही. पोलाद हे चांदीसारखे मऊ नाही, आणि हल्ली फोनवरून पैसे देण्याच्या काळात रुपयाचे नाणे फिरते तरी किती? कोसंबींचा नियम चुकीचा नव्हे. तो ज्या गोष्टींवर उभा आहे त्या माझ्या गल्ल्यात नव्हत्या. परीक्षेत याला गुण मिळाले नसते, पण या वेळी मामांना सांगण्यासारखे काही तरी माझ्याजवळ होते.

फर्ग्युसनमधल्या त्या वर्षांत त्यांनी आणखी पुष्कळ केले. १९४३ चा त्यांचा एक लेख आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीचे मूळ मानला जातो; कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांना जोडून आता कोसंबींचेही नाव घेतले जाते. १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले, ते पिकांच्या संशोधनात कोसंबी फलन म्हणून अजून वापरतात. या दोहोंतले गणित माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून थांबतो. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते जमवून, कोणते श्लोक सगळीकडे आढळतात आणि कोणते मागाहून घुसले याचा छडा त्यांनी लावला, आणि १९४८ साली शतकत्रयाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. संस्कृतच्या पंडितांना या गणिताच्या प्राध्यापकाचा राग आला असेल, पण पद्धत तीच होती. आधी मोजा, गट पाडा, मग बोला.

१९४५ साली होमी भाभांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. घर पुण्यात, काम मुंबईत. डेक्कन क्वीनने रोजची ये-जा. गाडीच्या खिडकीतून सह्याद्रीचे घाट दिसत, आणि सुटीच्या दिवशी तेच घाट ते पायाखाली घालीत. कार्ले-भाज्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा, वेशीबाहेरच्या शेंदूर फासलेल्या देवता, माळावर विखुरलेली अश्मयुगातील बारीक हत्यारे, धनगरांच्या हंगामी फिरण्याचे मार्ग, हे सगळे त्यांनी नकाशावर मांडले आणि त्यातून १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना म्हणावा असा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. राजांच्या सनावळ्या बाजूला ठेवून नांगर कोणाच्या हातात होता हे विचारणारा तो ग्रंथ. त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, तेव्हा मी तिकडे वळत नाही. मात्र एवढे नोंदवतो, की पावसाच्या आकड्यांचा अभ्यास करून मोठ्या धरणांपेक्षा अनेक छोटी धरणे बरी, असे त्यांनी मांडले होते, आणि अणुशक्तीचा गाजावाजा चालू असताना आपल्या देशाला सूर्याची ऊर्जा वापरणे अधिक परवडेल असा त्यांचा आग्रह होता. भाभांच्या संस्थेत बसून हे बोलायचे म्हणजे काय, हे सांगायला नको.

आता त्यांच्या आयुष्यातील जो भाग लिहिणे मला अवघड वाटते त्याकडे येतो. हा लेख पहिल्यांदा लिहिला तेव्हा मी तो भाग गाळला होता. ज्या प्राध्यापकांनी मला ग्रंथालयात पाठवले, त्यांनी हस्तलिखित वाचून विचारले, की १९५९ साल कुठे गेले?

मूळ संख्या आपण शाळेत शिकतो. २, ३, ५, ७, ११ अशा, एक आणि ती संख्या स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या. त्या संख्यारेषेवर कुठे दाट तर कुठे विरळ अशा येतात. त्यांच्या वाटपाविषयी रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५९ साली एक तर्क मांडला. तो खरा आहे असे बहुतेकांना वाटते, पण आजपर्यंत कोणाला सिद्ध करता आलेला नाही. २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचे बक्षीस लावण्यात आले, तेही कोणी उचललेले नाही. कोसंबींना वाटले, की मूळ संख्यांकडे संभाव्यतेच्या दृष्टीने पाहिले तर हे कोडे सुटेल. रीमानच्या तर्काला बरोबर शंभर वर्षे होत असताना, १९५९ साली, त्यांनी आपला लेख प्रसिद्ध केला. कुठे, तर भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात. पिके, खते आणि शेतांचे नमुने यांवरील लेखांच्या शेजारी गणितातील सर्वांत कठीण प्रश्नाची सोडवणूक! तिथे ती तपासायला मूळ संख्यांचा जाणकार कोण असणार?

सोडवणूक चुकली होती. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही. या वाटेने जाणाऱ्याला मोठी अडचण कोणती येते, ती माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. यदृच्छेने तयार झालेल्या असंख्य मालिका घेतल्या, तर त्यांपैकी जवळजवळ सगळ्या अमुक रीतीने वागतात, असे संभाव्यतेच्या आधाराने सांगता येते. पण मूळ संख्यांची मालिका एकच आहे आणि ती ठरलेली आहे. ती जवळजवळ सगळ्यांमध्ये बसते, की उरलेल्या अपवादांत, हे वेगळे सिद्ध करावे लागते. वर्गाची सरासरी साठ आहे यावरून बाकावरच्या एका मुलाचे गुण सांगता येत नाहीत, तसेच हे. आणि हे कोणाला सांगायचे? तर परीक्षेच्या गुणांवर नेमका हाच प्रश्न ज्यांनी वीस वर्षांपूर्वी उभा केला त्यांना.

असे कसे झाले याचा मी पुष्कळ विचार केला. हजारो नाणी हाताने तोलल्याशिवाय तक्षशिलेबद्दल एक वाक्य न लिहिणारा माणूस इथे घाईला का आला? वयाची पन्नाशी उलटली होती, तब्येत साथ देत नव्हती, संस्थेत जवळचे म्हणावे असे फारसे कोणी उरले नव्हते; हे एक कारण असेल. मला दुसरेही दिसते. नाण्यांच्या वेळी त्यांच्या अनुमानाला खोटे पाडू शकेल असा तराजू समोर होता. रीमानच्या वेळी तसा तराजू म्हणजे फक्त दुसरी माणसे होती, त्या विषयातली, चूक दाखवू शकणारी; आणि लेख त्यांच्यापर्यंत आधी गेलाच नाही. विक्षिप्त, तिरसट, कोणाची भीड न ठेवणारे म्हणून त्यांची ख्याती होती. अशा माणसाला खासगीत चूक दाखवायला तरी कोण धजणार?

या प्रकरणाने त्यांच्या नावाला बट्टा लागला. ज्यांना त्यांच्या राजकीय मतांचा, जागतिक शांतता चळवळीतील सहभागाचा आणि अणुशक्तीवरील टीकेचा राग होता, त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले. १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. तरीही मूळ संख्यांचा नाद सुटला नाही. एस. ड्यूक्रे अशा भलत्याच नावाने त्यांनी त्याच विषयावर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिले. बूर्बाकीच्या वेळी टोपणनावाने थट्टा करणारा चोवीस वर्षांचा तरुण आणि हा पंचावन्न वर्षांचा ड्यूक्रे, यांत फार अंतर आहे. पहिल्याला कोणापासून लपायचे नव्हते.

पण याच काळात, १९६२ मध्ये मिथक आणि वास्तव या विषयावरील त्यांचा ग्रंथ निघाला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीचा ऐतिहासिक आढावा घेणारा ग्रंथ. १९६४ पासून ते पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद वैज्ञानिक म्हणून काम करीत होते. २९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्याच्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. २००८ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले, आणि गोव्यात त्यांच्या नावाने व्याख्यानमाला सुरू झाली. ड्यूक्रेच्या नावावरचे लेख मात्र ग्रंथालयातील जुन्या अंकांत पडून आहेत.

त्यांनी तोललेल्या नाण्यांचे आकडे आजही छापलेले आहेत. ज्याला शंका असेल त्याने ते पुन्हा मांडून पाहावेत अशा रीतीने त्यांनी ते दिले आहेत, आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी तसे पाहिलेही. काही निष्कर्ष मानले, काहींवर वाद घातला.

दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा ग्वाल्हेरला गेलो. गाडी गोव्याहून सुटून बेळगावला येते, पुण्याहून पुढे जाते आणि ग्वाल्हेरला पोचवते. धर्मानंदांना हाच पल्ला गाठायला किती दिवस लागले असतील याचा हिशेब करीत बसलो होतो. खासगी बाजारातल्या घरी मामांनी डबा तयारच ठेवला होता. या वेळी मी तराजूकडे गेलो नाही. आधी जमिनीवर चादर अंथरून नाणी जाडीप्रमाणे वेगळी केली, मग छापाप्रमाणे, मग सालाप्रमाणे. संवताचे आकडे झिजलेले होते, भिंगातूनही नीट लागत नव्हते. ज्यांचे साल वाचता येईना ती एका वाटीत निराळी ठेवली. दुपारपर्यंत वाटी अर्धी भरली. मामांनी विचारले, की ही अर्धी वाटी हिशेबात धरणार की सोडून देणार? झिजून झिजून साल गेलेली नाणीच सर्वांत जास्त फिरलेली असणार. ती सोडली तर झीज शोधताना नेमकी झिजलेलीच बाजूला पडतात. मी ती वाटी तशीच झाकून ठेवली आहे.